समुद्र सोडल्यावर

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथील बागेतली एखादी ओलसर कुंडी उचलली, तर तिच्या बुडाशी राखी रंगाचे, चौदा पायांचे चिमुकले जीव अंधाराकडे धावताना दिसतात. त्यांना कोणीही किडे म्हणेल. परंतु ते कीटक नव्हेत, खेकडा व कोळंबी यांचे भाऊबंद होत. त्यांचे पूर्वज सागरात राहत. जमिनीवर आल्यावर या कुळापुढे बिकट प्रश्न उभा राहिला तो वंशविस्ताराचा. पाण्यात वाढावयाची अंडी कोरड्या भूमीवर ठेवावी कोठे?

हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावरच्या तांबड्या खेकड्यांनी हा प्रश्न सोडविला नाही, टाळला. ते राहतात अरण्यात; पण पाऊस सुरू होताच त्यांचे कोट्यवधी जीव किनाऱ्याची वाट धरतात. एकेक मादी लाखापर्यंत अंडी समुद्राच्या स्वाधीन करते. त्यांतून निघालेली बहुतेक अर्भके माशांच्या मुखी पडतात.

सह्याद्रीच्या ओढ्यांतील खेकड्यांनी मात्र समुद्राशी संबंधच तोडला. त्यांची अंडी थोडी, पण मोठी व बलकाने भरलेली असतात. सागरी अर्भक ज्या अवस्था लाटांवर तरंगत काढते, त्या येथे अंड्याच्या आतच उरकतात. मादी ही अंडी पोटाखालच्या झडपेत बाळगते आणि त्यांतून सर्वांगपूर्ण इवलासा खेकडाच बाहेर पडतो. पिले आईचे पोट फोडून निघतात व ती मरते, ही समजूत पुरातन आहे. झडपेखाली वळवळणारी पिले पाहूनच ती रूढ झाली असावी. वस्तुतः पिले काही दिवस त्याच आश्रयाला राहतात.

कुंडीखालच्या जीवाची युक्ती याहून निराळी. मादीच्या छातीखाली पातळ पापुद्र्यांची पिशवी तयार होते. तीतील द्रवात अंडी वाढतात. जणू समुद्राचा थेंबच तिने बरोबर आणला आहे! बाहेर पडणाऱ्या पिलांना प्रथम बाराच पाय असतात. सातवी जोडी पुढे कात टाकल्यावर फुटते.

मोजक्या अपत्यांना जपणाऱ्यांचा हिशेब निराळाच असतो. पहिल्या पावसात रात्री बत्ती घेऊन खेकडे धरणाऱ्यांच्या टोपलीत पिले बाळगणारी मादी पडली, तर त्या ओढ्याची हानी कोणताही समुद्र भरून देणार नाही. तेवढी एक मादी पुन्हा पाण्यात सोडणे, हे पुढील वर्षाचे बियाणे राखण्यासारखेच होय.