दप्तराच्या झडतीपूर्वी

जानेवारी २०१८ मध्ये लखनौच्या एका खासगी शाळेत पहिलीतल्या मुलावर चाकूने वार झाले. सुदैवाने तो वाचला. संशय आला तो त्याच शाळेतील वरच्या वर्गातल्या एका मुलीवर. आणि शाळेला सुटी मिळावी हा हेतू पुढे आला तेव्हा शहर सुन्न झाले. त्याच्या चारच महिने आधी, सप्टेंबर २०१७ मध्ये, गुरुग्रामच्या एका शाळेत दुसरीतल्या मुलाचा खून झाला होता. पोलिसांनी प्रथम बसच्या कंडक्टरला पकडले. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने अकरावीतल्या एका विद्यार्थ्याला ताब्यात घेतले, आणि परीक्षा व पालकसभा लांबणीवर पडावी म्हणून त्याने हे केले असे सांगितले. आरोप सिद्ध होणे न होणे हे न्यायालयाचे काम; अशा वयाच्या मुलांविषयी आपण निवाडा देऊ नये. परंतु शाळा बंद पडावी असे एखाद्या मुलाला इतक्या टोकाला जाऊन वाटू शकेल, ही शक्यता तपास करणाऱ्यांना खरी वाटली. श्रोतेहो, तेवढ्यानेच आपली झोप उडावयास हवी.

अशा घटनेनंतर दारावर पहारेकरी येतो, दप्तरांची झडती सुरू होते आणि भिंतीवर कॅमेरे बसतात. मी सरकारी नोकर आहे. कॅमेऱ्याची लोकप्रियता मला चांगली समजते. त्याची निविदा काढता येते, आणि तपासणीस आलेल्या साहेबांना तो बोटाने दाखविता येतो. एका मुलाचे दुःख अर्धा तास ऐकून घेतले, ही नोंद कोणत्या रकान्यात करावयाची? पहारा नको असे मी म्हणत नाही. पण दप्तरात चाकू येण्यापूर्वी कित्येक दिवस त्या मुलाच्या मनात काही शिजत असते, आणि ते कॅमेऱ्याला दिसत नाही.

बरोबरीच्या मुलांना मात्र ते पुष्कळदा दिसते. अमेरिकेत शाळांवरील ३७ हल्ल्यांचा सरकारी पातळीवर अभ्यास होऊन २००२ मध्ये त्याचा अहवाल निघाला. पाचांपैकी चार प्रसंगी हल्ल्याचा बेत आधीच कोणाला तरी ठाऊक होता, आणि तो कोणी बहुधा मित्र वा भावंड होते. जवळजवळ प्रत्येक हल्लेखोराच्या वागण्याने आधी कोणाला ना कोणाला काळजी वाटली होती. अनेकांना पूर्वी स्वतःचा जीव नकोसा झालेला होता. हल्लेखोराचा असा एक ठरावीक नमुना मात्र सापडला नाही. तेव्हा ‘धोकादायक’ मुलांची यादी करण्याच्या फंदात कोणी पडू नये. बंदुकांचा तो देश निराळा, हे खरे. पण मित्राचे गुपित पोटात ठेवणारे मूल इकडेही तेच आहे. आपण सांगितले तर त्याचे नाव शाळेतून काढतील, ही त्याला भीती असते, आणि ती अगदीच निराधार नसते.

म्हणूनच सांगण्याची जागा शिक्षेच्या जागेहून वेगळी हवी. हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३९ मध्ये याच प्रांतात आचार्य नरेंद्र देव समितीने विद्यार्थ्यांना मानसशास्त्रीय मार्गदर्शन मिळावे अशी शिफारस केली, आणि १९४७ मध्ये अलाहाबादला सरकारी मनोविज्ञानशाळा उघडली. आचार्य स्वतः त्याच वर्षी लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) निदान दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा असे सुचविले. दहा शाळा म्हणजे हजारो मुले. एवढ्यांना एक माणूस काय पुरणार? पण तो वर्गशिक्षकांना तयार करू शकतो, आणि खरे काम त्यांचेच आहे. हसता-खेळता मुलगा एकाएकी गप्प झाला, डबा तसाच परत नेऊ लागला, ठराविक वाराला गैरहजर राहू लागला, की ते प्रथम त्यांनाच दिसते. त्या मुलाला वर्गासमोर उभे करून जाब विचारू नये. सुटीत बाजूला घेऊन ‘काय चालले आहे रे?’ एवढेच विचारावे आणि मग आपण थोडा वेळ गप्प बसावे. आम्हा मोठ्या माणसांना हेच फार जड जाते.

प्रकरण शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचे असेल तर थांबू नये. लखनौला किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचा मानसोपचार विभाग आहे. देशभर मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. हे क्रमांक मुख्याध्यापकांच्या टेबलावरील काचेखाली न ठेवता मुलांच्या पाण्याच्या टाकीजवळ लिहावेत.

पुढच्या पालकसभेला आपण जाल तेव्हा गुणपत्रिका पाहून झाल्यावर शाळेला एक प्रश्न अवश्य विचारा: मुलाला काही सांगावयाचे झाले तर त्याने कोणाकडे, कोणत्या वेळी आणि कोणत्या खोलीत जावे? आणि त्या खोलीची वाट मुख्याध्यापकांच्या दारावरून जाते काय, तेही पाहून या.