ऐकणारा नट

मराठी घरात विनोदी मालिका आली ती मुंबई दूरदर्शनच्या हाताला धरून. हे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशी यांच्या कथांवरची चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका पडद्यावर आली. चिं. वि. हे बडोद्याला पाली शिकवणारे विद्वान. त्यांच्या चिमणरावाची ओळख या सभागृहाला नव्याने करून देण्याचे कारण नाही. चिमणराव झाले दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झाले बाळ कर्वे.

या मालिकेची आठवण निघाली की आधी चिमणराव निघतो. त्याची भित्री लगबग, त्याचा आवाज, संकटात सापडल्यावरची त्याची बडबड. हे सारे प्रभावळकरांनी असे उभे केले की पुस्तक वाचतानाही पुढे त्यांचाच चेहरा दिसू लागला. पण त्या बडबडीला हसू यायचे ते समोर सोटा घेऊन उभ्या असलेल्या मावसभावामुळे. कर्व्यांचा गुंड्याभाऊ चिमणरावाचे सगळे बोलणे खरे मानून ऐकतो. तो शंका घेत नाही, प्रेक्षकांकडे पाहून डोळा मारत नाही. चिमणरावाची भीती त्याला खरी वाटते, म्हणूनच ती प्रेक्षकाला हास्यास्पद वाटते. बोलणाऱ्याने विनोद जन्माला घालावा आणि ऐकणाऱ्याने तो जगवावा, हा मालिकेतल्या विनोदाचा पहिला नियम आहे.

रंगभूमीवर हा नियम थोडा सैल असतो. तिथे कोणाकडे पाहायचे हे प्रेक्षक ठरवतो. दूरदर्शनच्या पडद्यावर ते कॅमेरा ठरवतो. वाक्य संपल्यावर चित्र दुसऱ्या चेहऱ्यावर जाते, आणि तो चेहरा रिकामा असेल तर वाक्य कितीही चांगले असो, ते पडते. बाळ कर्वे मुंबई महापालिकेत अभियंता होते. नोकरी सांभाळून नाटक करणाऱ्या त्या पिढीने संध्याकाळच्या तालमीत दुसऱ्याचे वाक्य ऐकायची सवय अंगी लावून घेतली होती. यामुळे प्रभावळकरांना कमीपणा येतो असा आक्षेप कोणी घेईल. तो बरोबर नाही. प्रभावळकर मोठे आहेतच. त्यांच्यासमोर उभे राहणे किती अवघड होते, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

हिंदीत हीच जागा शफी इनामदार यांनी भरली. ‘ये जो है जिंदगी’ ही मालिका १९८४ मध्ये आली. लेखन शरद जोशी यांचे. हे शरद जोशी म्हणजे हिंदीतले व्यंगकार, शेतकरी संघटनेचे नव्हेत. (हशा) दिग्दर्शकांत कुंदन शाह होते. रणजीत आणि रेणू हे जोडपे, रेणूचा बेकार भाऊ राजा आणि दर भागात नवे सोंग घेऊन येणारे सतीश शाह. लोकांच्या लक्षात सतीश शाह राहिले, आणि ते रास्तही आहे. पण दर आठवड्याला दारातून येणारा नवा माणूस खरा वाटावा यासाठी घरात एक माणूस तोच, तसाच असावा लागतो. तो माणूस म्हणजे इनामदारांचा रणजीत. भुवई किंचित वर, ओठ मिटलेले आणि पाहुण्याचे बोलणे संपेपर्यंत वाट पाहण्याची विलक्षण तयारी.

इनामदार मूळचे कोकणातले, दापोलीजवळच्या पांगारीचे. गुजराती, हिंदी, मराठी अशा तिन्ही रंगभूमींवर त्यांचा वावर होता. ‘अर्धसत्य’मधला त्यांचा हैदर अली ज्यांनी पाहिला आहे, त्यांना रणजीतच्या संयमाचे मूळ कळेल: ओम पुरींच्या उद्रेकाला तोलून धरणारा, समजून घेणारा वरिष्ठ. त्यांच्या पत्नी भक्ती बर्वे. ‘ती फुलराणी’मध्ये एकट्या आवाजाच्या बळावर नाट्यगृह ताब्यात घेणारी अभिनेत्री आणि शांतपणाने मालिका पेलणारा नट एका घरात होते, ही मराठी रसिकांनी जपावी अशी गोष्ट आहे. १३ मार्च १९९६ रोजी इनामदार गेले. विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत भारत श्रीलंकेकडून हरला तो हा दिवस. वय अवघे पन्नास. २००१ मध्ये भक्ती बर्वेही अपघातात गेल्या. त्यांच्यावर लिहिले गेले, ते व्हायलाच हवे होते. इनामदारांवर मराठीत फार कमी लिहिले गेले, आणि ही उणीव भरून निघायला हवी. (टाळ्या)

या विस्मरणाला एक तांत्रिक कारणही आहे. सुरुवातीच्या काळात दूरदर्शनवर महागड्या टेप पुसून पुन्हा वापरल्या जात. त्यामुळे कित्येक कार्यक्रम आज केवळ लोकांच्या तोंडी उरले आहेत. तोंडी उरतात ती वाक्ये. ऐकणाऱ्याचा चेहरा कोणालाच म्हणून दाखवता येत नाही, तो टेपबरोबर पुसला जातो. जुन्या मालिकांचे जतन करायला हवे ते या चेहऱ्यांसाठी.

वेळ थोडा उरल्याने ‘वागले की दुनिया’विषयी मोजकेच. आर. के. लक्ष्मण यांची कल्पना, दुर्गा खोटे यांच्या संस्थेची निर्मिती, दिग्दर्शन पुन्हा कुंदन शाह यांचे, साल १९८८. कारकून वागळे साकारणारे अंजन श्रीवास्तव स्वतः बँकेत नोकरीला होते. राधिका झालेल्या भारती आचरेकर या माणिक वर्मांच्या कन्या. वागळ्यांचे गाऱ्हाणे त्या हातातले काम न थांबवता ऐकतात, आणि त्या कामाच्या लयीतून हसू फुटते. २०२१ मध्ये ही मालिका नव्या पिढीसाठी परत आली, तेव्हा हीच जोडी आजी-आजोबा होऊन आली.

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ २००१ मध्ये सुरू झाली. दिग्दर्शक केदार शिंदे. मूळ पुस्तक ‘अनुदिनी’, तेही प्रभावळकरांचेच. राजन भिसे आणि शुभांगी गोखले यांच्या घरात तेच आबा झाले. आबा गप्पिष्ट आहेत, खोडकरही आहेत. पण घरातल्या प्रत्येकाचे बोलणे त्यांच्या कानावर पडते आणि त्यांच्या डायरीत उतरते. दोन तपांपूर्वी गुंड्याभाऊसमोर अखंड बोलणारा चिमणराव इथे ऐकणाऱ्याच्या खुर्चीत येऊन बसला आहे.