घरातील कोरडी हवा आणि आपले आरोग्य



ज्या गुरुजींच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, त्यांनी याच शाळेच्या प्रयोगशाळेत आम्हांला दोन तापमापक शेजारी टांगून दाखविले होते. एकाच्या फुग्यावर ओले फडके असे व त्याचा पारा खाली उतरे. दोहोंतील अंतर जितके अधिक, तितकी हवा कोरडी, असे ते सांगत. तो धडा मी परीक्षेपुरताच लक्षात ठेवला. त्याची किंमत माझ्या आईला मोजावी लागली.

आदिलाबादची थंडी आपणांस सांगावयास नको. पैनगंगेच्या या काठावर हिवाळ्यात पारा १० अंशांखालीही जातो. अशाच एका हिवाळ्यात मी वृद्ध आईच्या खोलीत विजेची शेगडी लावली, खिडक्या बंद केल्या आणि आपले कर्तव्य पार पडले असे मानले. आठवड्याभरात तिचा घसा सुकू लागला, ओठ फुटले आणि एका पहाटे घोळणा फुटून उशी रक्ताने भिजली. आजोबांच्या वेळच्या सागवानी कपाटाची फळीही सांध्यातून सुटली. डॉक्टरांनी प्रथम रक्तदाब पाहिला. तो ठीक होता. मग त्यांनी विचारले, "खोलीत शेगडी असते का?"

१० अंशांच्या, बाष्पाने संपृक्त हवेत दर घनमीटरला सुमारे ९.४ ग्रॅम पाणी असते. २५ अंशांना तिची धारणशक्ती २३ ग्रॅम होते. पाणी मात्र तेवढेच राहते. सापेक्ष आर्द्रता १०० वरून सुमारे ४० टक्क्यांवर येते. बाहेर मुळात ६० टक्केच असेल, तर ती २५ टक्क्यांच्या आसपास उतरते. अशी हवा मिळेल तेथून पाणी ओढते. नाकातील ओलसर अस्तर सुकते, धूळ व जंतू बाहेर लोटणारे सूक्ष्म रोम मंदावतात. लाकूडही रुंदीत आकसते.

उपाय साधे आहेत. शेगडीची आच कमी आणि अंगावर गोधडी अधिक असावी. खोलीत ओला पंचा वाळत घालावा, खिडकीची फट उघडी ठेवावी. आर्द्रता ४० ते ६० टक्के पुरेशी असते. त्याहून फार वाढविल्यास भिंतींना बुरशी येते. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत कधीही ठेवू नये. तिचा विषारी वायू झोपेतच प्राण घेतो.

आई बरी झाली. तिच्या खोलीत मी दोन तापमापक टांगले. गुरुजींचा धडा मी असा उशिरा शिकलो. आपण तो वेळेवर शिकावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.