खेळाचे नियम बदलतात तेव्हां



बुद्धिबळाचा पट मांडून बसणाऱ्यास एक गोष्ट गृहीत धरतां येते, ती ही कीं आज उंट जसा चालतो तसाच तो उद्यांही चालेल. मोबाइलवर किंवा संगणकावर खेळल्या जाणाऱ्या खेळांत ही शाश्वति नाहीं. खेळ रचणारी मंडळी वेळोवेळीं त्याची सुधारलेली आवृत्ति पाठवितात. तिला खेळाडू 'अपडेट' म्हणतात. रात्रीं एका नियमानें खेळून निजलेला खेळाडू सकाळीं दुसऱ्याच नियमांच्या राज्यांत जागा होतो. अशा राज्यांत सांठा कसा करावा आणि बेत कसे आंखावे, याचा आज थोडा विचार करूं.

'क्लॅश ऑफ क्लॅन्स' हा खेळ फिनलंडमधील सुपरसेल कंपनीनें २०१२ सालीं प्रसिद्ध केला. यांत प्रत्येकानें आपलें गांव उभारावयाचें, तटबंदी करावयाची आणि दुसऱ्याच्या गांवावर स्वारी करून लूट आणावयाची. सोनें, गुलाबी 'एलिक्झर' आणि काळें 'डार्क एलिक्झर' हें तेथलें मुख्य धन. कोठारांतील धन शत्रु लुटून नेऊं शकतो. म्हणून तें नुसतें सांठवून ठेवण्यांतही धोका असतो.

आरंभीं प्रत्येक शिपाई तयार करण्यास द्रव्य पडे. बलाढ्य सैन्य नेलें तर विजय मिळे, परंतु कित्येकदां लुटीहून खर्चच जड होई. म्हणून पुष्कळ खेळाडू धनुर्धर आणि रानटी योद्धे असे स्वस्त शिपाई घेऊन निघत व भरलेलें पण दुबळें गांव शोधीत. काटकसर हीच तेथली युद्धनीति होती. जून २०२२ च्या अपडेटनें सैन्याचा हा खर्च सर्वस्वीं काढून टाकला. महागडें सैन्य फुकट झालें, लूट हा जवळजवळ निव्वळ नफा ठरला, आणि सैन्यासाठीं राखून ठेवावें लागणारें द्रव्य बांधकामास मोकळें झालें. अनेक वर्षें कमावलेल्या काटकसरीच्या विद्येचें मोल मात्र एका दिवसांत उतरलें.

सैन्य तयार होण्यास लागणारा वेळ तेवढा उरला होता; मार्च २०२५ मध्यें तोही गेला. पूर्वीं घाई असलेला खेळाडू रत्नें खर्चून ही प्रतीक्षा टाळी, आणि हीं रत्नें खऱ्या पैशानें विकतही मिळतात. ज्यानें तीं केवळ या कामासाठीं जमविलीं होतीं, त्याचा बेत फसला. तरी रत्नें वायां गेलीं नाहींत, कारण बांधकाम लवकर पुरें करण्यास तीं उपयोगीं पडतातच. अनेक उपयोगांची वस्तु अपडेटच्या तडाख्यांतूनही तरून जाते, ती अशी.

'माइनक्राफ्ट' या खेळांत याहून निराळा प्रकार घडला. जमिनीच्या तळाजवळ, अकराव्या थराच्या आसपास खणलें म्हणजे हिरे सांपडतात, हा जुन्या खेळाडूंचा पाठ होता. नोव्हेंबर २०२१ मध्यें आलेल्या १.१८ या आवृत्तीनें जमिनीचा तळ शून्यावरून उणें चौसष्टपर्यंत खोल नेला, आणि जितकें खोल जावें तितके हिरे अधिक, असा नियम झाला. ज्यांच्या पेटींत हिरे होते त्यांचे हिरे शाबूत राहिले. कोठें खणावें हें ज्ञान तेवढें जुनें झालें.

यावरून दिसेल कीं अपडेट कधीं द्रव्याची किंमत बदलतें, कधीं वेळेची, तर कधीं ज्ञानाची. यांपैकीं कोणती उद्यां बदलेल हें ठरविणें खेळाडूच्या हातीं नाहीं. म्हणून सर्व सांठा एकाच बेताला बांधूं नये, आणि रचनाकार पुढील बदलांची जी सूचना देतात ती लक्षपूर्वक वाचावी. ज्या घरांतील मुलें असे खेळ खेळतात, तेथील वडील मंडळींस माझी एवढीच विनंति आहे. मूल खऱ्या पैशानें कांहीं विकत घेऊं लागलें, तर त्यावर रागावण्यापूर्वीं त्यास विचारावें, "बाळ, उद्यां नियम बदलला तर हें तुझ्या कोणत्या कामीं येईल?" उत्तर देतां आलें, तर त्याचा हिशेब पक्का आहे असें समजावें; न आलें, तर खरेदी आठ दिवस लांबवावी.