पाळीवरचा चौकीदार आणि आपले वनभोजन

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



गणपतीच्या मांडवात धरणावर काय बोलणार, असे आमच्या सौभाग्यवतींनी घरून निघतानाच विचारले. मी म्हटले, अगं, आपण भोपाळकर! आपल्यातले निम्मे लोक मांडवात येतात तेच मुळी धरणावरून. खोटे वाटत असेल तर सांगतो. कमला पार्क ही बाग मातीच्या धरणावर वसली आहे. अकराव्या शतकात राजा भोजाच्या काळी कोलांस नदी अडवून मोठा तलाव झाला, त्याची ती पाळ. एका बाजूला मोठा तलाव, दुसऱ्या बाजूला छोटा तलाव, आणि मध्ये आपण भुट्टा खात फिरतो! हजार वर्षे ती पाळ उभी आहे याचे कारण एवढेच की जादा पाण्याला जायला वाट दिलेली आहे. 1965 साली भदभद्याला 11 दरवाजे बसले, ती हीच वाट.

मी सिंचन खात्यात आयुष्य काढले. मोठ्या धरणांची उद्घाटने होतात, फोटो छापून येतात. माझ्या वाट्याला आले ते लहान तलाव. दोनचार गावांची शेती भिजवणारे, ज्यांचे नाव तहसिलीबाहेर कोणाला ठाऊक नसते असे. आतमध्ये पाणी न झिरपू देणाऱ्या काळ्या मातीचा गाभा, बाहेरून मुरमाचा भराव, पाण्याच्या अंगाला दगडी पिचिंग, कालव्याला पाणी सोडायची झडप आणि एका टोकाला सांडवा. झाले धरण. दिसायला साधी टेकडी, म्हणून लोक त्यावर गुरे चारतात, झाडे लावतात, ट्रॅक्टर नेतात. झाड वठले की मुळे कुजतात आणि पाण्याला आयती नळी मिळते. उंदीर-घुशींची बिळेही तसलीच.

मातीचे धरण मुख्यतः दोन तऱ्हांनी जाते. एक तर सांडवा अपुरा पडून किंवा गाळाझुडपांनी तुंबून पाणी माथ्यावरून वाहते. माथ्यावरून पाणी गेले की माती काही तासांत कापली जाते. दुसरी तऱ्हा चोरपावलांची. पाझर आतल्या आत वाट करतो आणि मातीचे कण सोबत नेऊ लागतो. पाझर प्रत्येक मातीच्या धरणाला असतो, त्याला भिण्याचे कारण नाही. पायथ्याशी नितळ पाणी येत असेल तर धरण श्वास घेते आहे असे समजावे. पाणी गढूळ झाले की समजावे, धरणाचा देह वाहून चालला आहे.

हे मला पुस्तकाने शिकवले होते, पण पटवून दिले एका चौकीदाराने. मी नवा होतो, ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रायसेन जिल्ह्यातल्या एका लहान तलावाची देखरेख माझ्याकडे होती. चौकीदार आठवड्यापूर्वी सांगून गेला होता, "साहब, पाल के नीचे पानी बढ़ गया है।" मी जाऊन पाहिले, पाणी नितळ होते. नोंदवहीत लिहिले, 'पाझर नेहमीचा.' पाणी वाढले आहे हे तो सांगत होता, ते मी मोजलेच नाही. मग एका पहाटे तो भर पावसात सायकल हाणत आला. दारात उभा राहून एवढेच म्हणाला, "साहब, अब मैला आ रहा है।"

आम्ही पोचलो तेव्हा पायथ्याशी भांड्यात आधण यावे तसे पाणी उकळत होते आणि भोवती बारीक मातीचे वर्तुळ साचले होते. अशा वेळी ते तोंड बुजवायचे नसते. बुजवले तर पाणी शेजारी दुसरे तोंड काढते. त्यावर आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी असे थर घालायचे, म्हणजे पाणी निघते आणि माती अडकते. गावातल्या बायाबापड्यांनी टोपल्यांनी वाळू वाहिली. कालव्याची झडप पूर्ण उघडून पातळी उतरवली. दुपारपर्यंत पाणी निवळले. धरण वाचले ते त्या चौकीदाराच्या डोळ्यांनी. माझ्या नोंदवहीच्या भरवशावर ते राहिले असते तर आज इथे बोलायला मला तोंड नसते.

पुण्याच्या मंडळींना पानशेत सांगायला नको. 12 जुलै 1961. काम पूर्ण व्हायच्या आत पाणी चढले, माती खचत गेली, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. त्या पोत्यांनी धरण वाचले नाही, पण फुटण्याची वेळ रात्रीवरून दिवसावर गेली आणि कितीतरी लोक उंचावर जाऊ शकले. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले. वस्ती झोपायच्या वेळेला वाहून गेली, वीसच्या आसपास माणसे गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर खेकड्यांनी धरण पोखरल्याची चर्चा झाली. मी म्हणतो, क्षणभर खेकडा दोषी धरा. पण खेकडा अर्ज वाचत नाही. अर्ज माणसे वाचतात.

याच्या उलट उदाहरण आपल्याच राज्यातले. धार जिल्ह्यात कारम नदीवरच्या बांधकाम चालू असलेल्या धरणाला ऑगस्ट 2022 मध्ये गळती लागली. बांधकामाच्या दर्जावर बोट ठेवले गेले ते योग्यच. पण खालची 18 गावे वेळेत रिकामी केली, बाजूने चर खणून पाणी काढून दिले आणि एकही जीव गेला नाही. इशारा आणि वेळ या दोन गोष्टी मिळाल्या तर वाईटातून निभावता येते.

2021 साली धरण सुरक्षा कायदा झाला. 15 मीटरहून उंच धरणे, आणि 10 ते 15 मीटरमधली काही अटींत बसणारी धरणे त्यात येतात. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर त्यांची तपासणी बंधनकारक आहे. चांगली गोष्ट आहे. पण 10 मीटरपर्यंतचे ते असंख्य गावतलाव? त्यांना चौकीदाराच्या डोळ्यांखेरीज कोण? आणि पावसाळ्यात तिथे सर्वांत जास्त जातो कोण? आपण, सहलवाले!

आता मूळ मुद्द्यावर येतो, आणि तो माझ्या कबुलीचा आहे. श्रावणातले आपल्या मंडळाचे वनभोजन बरीच वर्षे ज्या तलावावर होते, ती सांडव्याखालची जागा मीच निवडली होती. सपाट खडक, घोटाभर पाणी, मुलांना खेळायला धबधबा. इंजिनियरने निवडलेली जागा म्हणून कोणी शंकाही घेतली नाही. एका वर्षी वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला. आपल्याकडे ऊन होते. बघता बघता घोटाभर पाणी गुडघ्यापर्यंत आले, साबुदाण्याच्या खिचडीचे पातेले वाहून गेले, दोन मुलांच्या चपला गेल्या. मुलांना आयांनी हाताला धरून ओढले. त्या पातेल्यावर आपण पुढे कित्येक वर्षे हसलो. मीही हसलो.

8 जून 2014 रोजी हिमाचलात बियास नदीच्या पात्रात हैदराबादच्या महाविद्यालयाची मुले फोटो काढत उभी होती. वरच्या लारजी धरणातून पाणी सुटले आणि 24 विद्यार्थी गेले. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण गेले. त्यानंतर ते पातेले मला हसवत नाही.

सांडव्याखाली बसू नये, याची कारणे सोपी आहेत. आपल्या केरवा धरणाचे दरवाजे पाणी पूर्ण पातळीला आले की आपोआप उघडतात, ते माणसाची वाट पाहत नाहीत. साध्या सांडव्याला तर दरवाजाच नसतो. सांडव्याच्या दगडावर शेवाळ असते. पाणी कोसळते तिथे भोवरा फिरतो, तो पट्टीच्या पोहणाऱ्यालाही पुन्हा आत ओढतो. तलावाच्या आतही भरावासाठी माती काढलेले खड्डे असतात. कमरेइतक्या पाण्यातला माणूस पुढच्या पावलाला बुडतो.

म्हणून लक्षात ठेवा. पाणी एकाएकी गढूळ झाले, काड्यापाने वाहून येऊ लागली, आवाज वाढला, की सामान तिथेच टाकून उंचावर चढा. चपलेसाठी मागे फिरू नका. कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी मारू नका. दोरी टाका, साडी टाका, बूच लावलेला रिकामा डबा टाका. सहलीच्या सामानात कढईबरोबर दोरी आणि दोन रिकामे कॅन असलेच पाहिजेत.

विसर्जनाबद्दल वेगळे सांगावे लागू नये. 13 सप्टेंबर 2019 च्या पहाटे खटलापुरा घाटावर मूर्ती विसर्जनाला नेणारी नाव उलटली आणि 11 तरुण गेले. तो छोटा तलाव आपल्या अंगणातला. अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. बाप्पाला निरोप देताना आईबापांना मुलाला निरोप द्यावा लागू नये.

माझ्या दोन विनंत्या आहेत. पुढल्या श्रावणात वनभोजन तलावावरच करू, पण सांडव्यापासून दूर, पाणीपातळीच्या बऱ्याच वर, आमराईत. धबधबा मुलांना काठावरून दाखवू. आणि जेवणाआधी दहा मिनिटे मुलांना पाळीच्या पायथ्याशी नेऊ. पाणी नितळ आहे की गढूळ, ते त्यांना पाहू द्या. गढूळ दिसले तर चौकीदाराला आणि तहसिलीत लगेच कळवू. एक दिवसाचे का होईना, आपण चौकीदार होऊ.

माझा तो चौकीदार आता नाही. त्याला सरकारने शाबासकी दिली नाही, मीही त्या दिवशी घाईत आभार मानायचे विसरलो. ते आज तुमच्या साक्षीने मानतो.

गणपती बाप्पा मोरया!