बोलायचे ते आज बोला



आज आम्ही एका सिनेमाविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, मास्तरांना म्हातारपणी हे काय सुचले? पण हा सिनेमा म्हातारपणाचाच आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आपण कसे सांभाळतो, हे त्यात दाखवले आहे. आणि गंमत अशी, की तो रडवत बसत नाही. तो हसवतो.

सिनेमाचे नाव 'व्हेंटिलेटर'. तो मराठी आहे. ४ नोव्हेंबर २०१६ रोजी तो लोकांपुढे आला. राजेश मापुसकर यांनी त्याचे दिग्दर्शन केले. या कामासाठी त्यांना उत्तम दिग्दर्शकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमाला एकूण तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. प्रियांका चोप्रा या प्रसिद्ध नटीच्या कंपनीने तो काढला.

आधी नावाचा अर्थ समजून घेऊ. घराच्या भिंतीत वर झरोका असतो. त्यालाही काही लोक व्हेंटिलेटर म्हणतात. तो हा नव्हे. हे दवाखान्यातले यंत्र आहे. रोग्याला स्वतःचा श्वास पुरत नाही, तेव्हा हे यंत्र श्वास देते. बहुधा तोंडातून एक नळी घशाच्या खाली, श्वासनलिकेत घालतात. तिच्यातून यंत्र हवा आत ढकलते. छाती वर-खाली होते. जीव टिकतो. पण नळी आत असेपर्यंत माणसाला बोलता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. आमचे सारे सांगणे या एका गोष्टीवर आहे.

आता गोष्ट ऐका.

कामेरकरांचे मोठे कुटुंब आहे. मूळचे कोकणातले. काही जण गावी राहतात, काही मुंबईत. त्यांच्यातले वडीलधारे गजूकाका एकाएकी फार आजारी पडतात. मुंबईच्या दवाखान्यात त्यांना व्हेंटिलेटर लावतात. इकडे गणपतीचा सण तोंडावर आलेला. कोकणात गणपती म्हणजे केवढा सण! आपल्याकडचा पोळा आणि महालक्ष्म्या एकत्र केल्या, तर तेवढा होईल.

बातमी पसरते. सारे गणगोत दवाखान्यात गोळा होते. भाऊ येतात, पुतणे येतात, सुना येतात, व्याही येतात. कोणाला खरे दुःख आहे. कोणाला दुःखापेक्षा काळजी जास्त आहे. काळजी कसली? म्हातारा गेला तर सुतक येणार. सुतक आले तर घरात गणपती कसा बसवायचा? म्हातारबाबांनी सणापर्यंत टिकावे, एवढीच काही जणांची प्रार्थना.

आपण हसतो. पण हसता हसता मनात टोचते. कारण ही माणसे दुष्ट नाहीत. ती तुमच्या-आमच्यासारखीच आहेत.

आपल्याकडे काय वेगळे घडते? गावातला कोणी म्हातारा नागपूरला मेडिकलमध्ये भरती झाला, की बघा. गाडी भरून माणसे निघतात. झाडाखाली सतरंजी पडते. शिदोरी सुटते. मग बोलणी सुरू होतात.

"बुढा शेवटी काही बोलला का?"

"धुऱ्याच्या वादाचं काही सांगून गेला का?"

"पोळा चार दिवसांवर आला बाप्पा. आता कसं करावं?"

दहा वर्षांत ज्याने म्हाताऱ्याच्या खाटेजवळ दहा मिनिटे काढली नाहीत, तो तिथे दोन रात्री जागून काढतो. तो ढोंगी आहे काय? नाही. त्याचे प्रेम खरे आहे. फक्त ते उशिरा आले. आणि आले तेव्हा म्हाताऱ्याच्या तोंडात नळी होती.

सिनेमात दोन जण मुख्य आहेत. एक प्रसन्न. तो गजूकाकांचा मुलगा. त्याचे काम जितेंद्र जोशी यांनी केले. बापलेकांचे पटत नाही. मनात जुनी अढी बसलेली आहे. दुसरा राजा. तो पुतण्या. सिनेमे काढतो, मोठे नाव कमावलेले आहे. त्याचे काम आशुतोष गोवारीकर यांनी केले. राजाचे वडील हयात आहेत. पण त्या दोघांचेही मोकळे बोलणे नाही. म्हणजे एका मुलाचा बाप बोलू शकत नाही, आणि दुसऱ्याचा बाप बोलू शकतो, पण मुलगा बोलत नाही. सांगा बरे, जास्त दुर्दैवी कोण?

आणखी एक अवघड प्रश्न त्यात आहे. यंत्र चालू ठेवायचे की काढायचे? हे घरच्यांनी ठरवायचे असते. आणि ज्याच्याविषयी ठरवायचे, त्याला विचारता येत नाही. बापाला काय हवे होते, हे मुलालाच ठाऊक नाही. कधी विचारलेच नव्हते ना! शेवट आम्ही सांगत नाही. तो पाहण्यात मजा आहे.

आपल्या विदर्भाचेही असेच एक नाटक आहे. नागपूरचे नाटककार महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी'. ते १९८५ साली रंगभूमीवर आले. त्यात गावातल्या देशपांड्यांच्या वाड्यात कर्ता पुरुष मरण पावतो. मुंबईचा मुलगा घरी येतो. भाऊ एकत्र बसतात, आणि तेरवीचा खर्च कोणी करायचा यावर बोलणे होते. ते नाटक गंभीर आहे, सिनेमा विनोदी आहे. पण दोन्हीकडे खोट तीच. माणसे जमतात, पण वेळ निघून गेल्यावर जमतात.

आता आपल्या गावाकडे येऊ. आम्हाला एक म्हातारबाबा ठाऊक आहेत. मुलाने त्यांना मागच्या अंगणात पक्की खोली बांधून दिली. पंखा आहे, टीव्ही आहे, ताट वेळेवर येते. गाव मुलाचे नाव काढतो. एकदा आम्ही विचारले, "काय बाबा, बरं चाललं ना?" ते म्हणाले, "सारं हाय गुरुजी. बोलाले कोनी नाही. म्हून मी बैलाशी बोलतो. तो निदान मान तरी हलवते."

आम्ही हसलो, तेही हसले. पण त्यांचे बोलणे खरे होते. म्हाताऱ्या माणसाला भाकरीची भूक असते, तशी बोलण्याची भूक असते. भाकर न दिली तर गाव नावे ठेवते. न बोललो तर कोणी काही म्हणत नाही. म्हणून ही उपासमार घरोघर चालते.

मग करायचे काय? फार पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट, रोज थोडा वेळ म्हाताऱ्याजवळ बसा. "जेवले का?" हा एकच प्रश्न विचारून उठू नका. सल्ला विचारा. यंदा तूर लावावी की कपाशी? संत्र्याचा बहर कसा धरावा? तुमच्या काळी दुष्काळात काय केले? सल्ला पटला नाही तरी ऐका. ऐकायला पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट, कान, डोळे आणि दात. पुष्कळदा म्हातारा हट्टी नसतो, त्याला ऐकू येत नसते. चिडका नसतो, त्याला दिसत नसते. डोळ्यातला मोतीबिंदू साध्या शस्त्रक्रियेने निघतो. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. दात नसतील तर भाकर दुधात किंवा वरणात कुस्करून द्या. रात्री वाटेवर एक दिवा राहू द्या. म्हातारपणी पडून हाड मोडले, की माणूस खाटेला खिळतो.

तिसरी गोष्ट, त्यांना झेपेल ते काम द्या. नातवाला शाळेत पोचवणे, भाजी निवडणे, कोंबड्यांवर लक्ष ठेवणे. "तुम्ही बसा, तुम्हाला काही जमत नाही," असे म्हणू नका. हे वाक्य प्रेमाचे वाटते, पण ते माणसाला अर्धे मारते.

चौथी गोष्ट, जो सांभाळतो त्यालाही सांभाळा. बहुतेक घरी हा भार सुनेवर पडतो. औषध तिने द्यायचे, अंथरूण तिने धुवायचे, आणि नागपूर-पुण्याच्या भावांनी सणाला येऊन तिच्याच चुका काढायच्या. हा न्याय नव्हे. भावांनी पाळ्या लावाव्या. पैसे पाठवावे आणि स्वतःही येऊन राहावे.

वडील मंडळींनाही दोन शब्द सांगतो. आमचेही वय झाले, म्हणून हक्काने सांगतो. दर गोष्टीत "आमच्या काळी" म्हणू नका. सुनेने केलेल्या आमटीला महिन्यातून चार वेळा तरी चांगली म्हणा. आणि तुमच्या मनात काय आहे, ते शुद्धीत असताना सांगून ठेवा. कर्ज किती, येणे किती, कागद कुठे, दुखणे वाढले तर काय करावे. हे बोलणे अशुभ नाही. पाठीमागच्यांची त्यामुळे भांडणे टळतात.

आता थोडे कायद्याचे. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठ वर्षांवरचे लोक १० कोटींहून अधिक होते. त्यांतले दहापैकी सात खेड्यांत राहत होते. त्यांच्यासाठी २००७ साली कायदा झाला. मुले सांभाळत नसतील, तर आईबापांना एस.डी.ओ. साहेबांपुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत पोटगी मिळू शकते. म्हाताऱ्याला टाकून देणाऱ्याला तीन महिने कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शेत किंवा घर मुलाच्या नावे बक्षीस द्यायचे असेल, तर 'मी सांभाळ करीन' ही अट कागदात लिहून घ्या. अट मोडली तर ते बक्षीसपत्र रद्द करवता येते. कोरड्या शब्दावर सातबारा देऊ नका.

गरीब वृद्धांसाठी राज्य सरकारची श्रावणबाळ योजना आहे. ६५ वर्षांवरच्यांना ती मिळते. २०२३ पासून तिचे दरमहा १,५०० रुपये झाले. अर्ज तहसील कचेरीत करावा. अडचणीत असलेल्या वृद्धांसाठी १४५६७ हा फोन नंबर आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

ज्यांना कोणीच नाही, त्यांचे काय? नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी १९२१ साली मातृसेवा संघ काढला. तो बाळंतिणींच्या सेवेसाठी होता. पुढे त्याच संस्थेला पंचवटी नावाचा वृद्धाश्रम चालवावा लागला. विचार करा. माणूस जन्माला येताना त्याला हात लागतात, तसे ते उतरत्या वयातही लागतात. ज्याला घर नाही, त्याला आश्रमाचे हात लाभले हे चांगले झाले. पण ज्याला घर आहे, मुलगा आहे, सून आहे, नातू आहे, त्याने बैलाशी का बोलावे?

कायद्याने पोटगी मिळते. बोलणे मिळत नाही. कोणताही साहेब हुकूम काढून मुलाला बापाजवळ बसवू शकत नाही. ते आपले आपणच करायचे.

म्हणून आमची एक विनंती आहे. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. आज संध्याकाळी हा पाठ घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. ऐकू कमी येत असेल तर जवळ बसून वाचा. मध्येच ते थांबवतील आणि आपली गोष्ट सांगू लागतील. तेव्हा पुस्तक मिटा आणि त्यांचे ऐका. पाठ उद्या पुरा केला तरी चालेल.