घोंगडी : देवाची बैठक, माणसाचे पांघरूण



देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे केवळ दगड-चुन्याचे काम नव्हे. देवळाबरोबर ज्या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या, त्यांचीही विचारपूस अशा प्रसंगी व्हावी. अशी एक वस्तू म्हणजे घोंगडी.

खंडोबाच्या जागरणात पुष्कळ ठिकाणी चौक मांडतात तो घोंगडीवर. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत धनगराच्या खांद्यावरची घोंगडी भंडाऱ्याने पिवळी होते. तीच घोंगडी पावसात डोक्यावर खोळ होते, रानात अंथरूण होते आणि थंडीत लेकरावर पांघरूण होते. लोकरीच्या अंगच्या तेलकटपणामुळे पाणी तिच्यात चटकन शिरत नाही. मात्र एकदा का ती पुरती भिजली की वाळता वाळत नाही. रखडलेल्या कामाला 'भिजत घोंगडे' म्हणतात ते उगीच नव्हे.

ही वस्तू सहज होत नाही. दख्खनी मेंढीची लोकर कातरायची, पिंजायची, बायामाणसांनी तिचे सूत काढायचे, ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची आणि मग खड्ड्याच्या मागावर विणायची. काळ्या, करड्या मेंढीचा रंग तोच घोंगडीचा रंग. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर या भागांत सणगर समाजाने आणि काही ठिकाणी धनगरांनी हे काम पिढीजात सांभाळले.

आज गिरणीचे ब्लँकेट स्वस्त मिळते, पावसाला प्लॅस्टिकचा कागद पुरतो. कुरणे आटली, मेंढी मांसासाठी पाळली जाऊ लागली. कित्येक ठिकाणी लोकरीच्या मोलापेक्षा कातरणावळच जास्त पडते, म्हणून लोकर उकिरड्यावर जाते. मागावर बसणारा म्हातारा होत चालला आणि त्याचा मुलगा पोटासाठी शहर गाठतो. त्याला दोष कोणी द्यावा? दिवसभर राबून मजुरी सुटत नसेल, तर परंपरेचा अभिमान चुलीवर शिजत नाही.

मग करावे काय? नुसते कौतुक करून माग चालत नाही. देवळाला बैठक घ्यायची तर ती विणकराच्या घरून, घासाघीस न करता घ्यावी. घरातील जुनी घोंगडी माळ्यावर कसरीच्या तोंडी न देता उन्हात घालून वापरात ठेवावी. शाळेच्या मुलांना एकदा चालता माग दाखवावा.

जुने देऊळ पडले तर नवे बांधता येते. हातातली कला मात्र हाताबरोबर जाते. देवाच्या पुढ्यात घोंगडी अंथरताना ती विणणाऱ्या हातांची आठवण राहावी, एवढीच ग्रामस्थांच्या चरणी विनंती.